किल्लीवाल्याला हाकलल्यावर

माझ्या कॉम्प्युटरमध्ये दोन सिस्टिम होत्या. एक कंपनीची विंडोज, दुसरी लोकांनी लोकांसाठी फुकट बनवलेली. दुसरीच्या बाजूने मी चारचौघांत घसा कोरडा करायची. मग गोंदियातला प्रेसवाला म्हणाला, बाबाचं पत्रक छापायचं तर त्याच्याच जुन्या फॉन्टमध्ये हवं. त्याचं सॉफ्टवेअर टाकायला जागा नव्हती, म्हणून फुकटची सिस्टिम पुसून मी ते टाकलं. तत्त्व असं पाच मिनिटांत पुसता येतं.

पुन्हा चालू केला तर काळा पडदा, वर इंग्रजीत एक ओळ. बस.

आत बाबाची पत्रकं होती. इटियाडोह धरणाच्या कालव्याचं पाणी धानाच्या शेवटच्या बांधीपर्यंत का येत नाही, मजुरी का कापतात, असं वर्षानुवर्षं लिहिलेलं. कागद वाळवीने खाल्ले. त्याआधी मी टाइप केलं तेवढंच उरलं होतं. दुसरी प्रत ठेवली नव्हती. इतरांना शहाणपण शिकवण्यातून मला सवड कुठली!

कॉम्प्युटरचा डबा दुरुस्तीला नेला, तर दुकानदाराने तो उघडलासुद्धा नाही.

"मॅडम, ये तो गया. फॉर्मेट मारना पडेगा."

"आतलं सगळं जाईल ना?"

"पुराना कचरा है. नया डाल देंगे, चकाचक!"

याला कारण शोधायचं नसतं, फक्त मारायचं असतं. विंडोज अडली, मार फॉर्मेट. प्रिंटर अडला, मार फॉर्मेट. मी डबा उचलून घरी आणला.

"कायले काढलीस वं ते दुसरी?" बाबाने विचारलं.

मोबाइलवर वाचता वाचता मी सांगितलं, की सकाळी दार उघडायचं काम तीच करत होती. कंपनीची सिस्टिम आत धडधाकट आहे, पण मशीन अजून त्या पुसलेल्या दारवानालाच हाका मारतंय.

बाबा हसला. "म्हणजे ज्याच्यापाशी किल्ली, त्यालेच हाकललंस? तुझ्यापेक्षा आपली बुद्धविहाराची कमिटी बरी, ते किल्ली घेऊन मंग हाकलते!"

चालू होतानाच एक बटण दाबून मी सेटिंग उघडली. यादीत पहिलं नाव त्या पुसलेलीचं होतं. कंपनीचं नाव वर घेतलं. एवढंच. एका नावाची जागा बदलायची होती, आणि तो शहाणा बाबाचं सगळं आयुष्य धुवायला निघाला होता. पण त्याला तरी काय बोलू? त्याने हात लावायच्या आधी मीच लावला होता.

पत्रकं उघडली. मी आधी त्यांच्या दोन पेनड्राइव्हवर प्रती केल्या. बाबा चष्मा लावून मजुरीचं पत्रक वाचत बसला. पडद्यावरून नजर न काढता म्हणाला, "त्या किल्लीवाल्याले परत बोलाव."

प्रेसवाल्याचं सॉफ्टवेअर त्याच दुपारी काढलं, फुकटच्या सिस्टिमला जागा झाली.