आप्पांचे अख्खे पत्रे

आप्पा कुठल्याही वस्तूवर आधी बोटाचं पेर वाजवून बघत. माठ, कलिंगड, शेजाऱ्याचं नवं दार, काहीही. “वाजतंय. अजून लई वर्षं जाईल,” हा त्यांचा निकाल. तो लागला की ती वस्तू टाकायची नाही. हडपसरच्या आमच्या गल्लीत त्यांच्या घरातून कचऱ्याच्या गाडीत काही पडताना मी पाहिलं नाही. त्यांचा मळा जाऊन त्यावर सोसायट्या उभ्या राहिल्या, पण विहिरीवरच्या पंपाचा पाइप अजून त्यांच्या परसात कपडे वाळवायला होता.

आमची ओळख भांडणातूनच झाली. आप्पांनी मागच्या दोन खोल्यांचे सिमेंटचे पत्रे काढून स्लॅब टाकायचं ठरवलं होतं. निघालेले पत्रे गल्लीतल्या बालवाडीला देणार, पोरांना अंगणात सावली होईल, असं त्यांनी मंडळाच्या बैठकीत सगळ्यांसमोर सांगूनही टाकलं. आमच्याकडे रीतच आहे ही. एकाचं घर नवं झालं की त्याचं जुनं छप्पर दुसऱ्याच्या डोक्यावर चढतं, आणि त्याला लोक चांगुलपणा म्हणतात.

मी अशा पत्र्यांविरुद्ध प्रचार करते; त्याचं पत्रक घेऊन त्यांच्या ओट्यावर गेले. म्हटलं, या पत्र्यांत ॲस्बेस्टॉस आहे. पत्रा फोडला, कापला, त्याला भोक पाडलं, की डोळ्यांना न दिसणारे तंतू उडतात. ते फुप्फुसात जाऊन बसतात. आजार वर येतो कित्येक वर्षांनी, आणि तोवर भोक पाडणारा कोण होता हेही कुणाला आठवत नाही.

“सारा जन्म त्याच्याखाली झोपलो. मला काय झालं?”

“पत्रा शाबूत होता म्हणून. धोका आता आहे, काढताना.”

“एवढा वंगाळ हाय, तर दुकानात इकत्यात कसा?”

“तेच मी ओरडून विचारतेय, आप्पा.”

“वरडू नको. काय करायचं ते सांग.”

ते सांगितल्यावर त्यांनी जे केलं, ते मोठमोठ्या बंगल्यांत होत नाही. गड्यांनी घण आणले होते, ते आप्पांनी खोलीत कोंडले. गंजलेल्या बोल्टांना तेल सोडून ठेवलं. पत्रे पाइपनं भिजवत राहिले. एकानं तोंडाला रुमाल बांधला, तर त्याला खाली उतरवलं. “रुमाल लग्नात बांध. हितं मास्क घाल.” एकेक पत्रा अख्खा उतरला, जाड प्लॅस्टिकमध्ये बांधून परसात ठेवला गेला. फरशीला झाडू लागू दिला नाही, सगळी ओल्या फडक्यानं पुसून घेतली आणि फडकीही त्याच प्लॅस्टिकमध्ये टाकली.

मग प्रश्न आला, हे न्यायचं कुठे? आणि इथे माझं डोकं फिरतं. वॉर्डातला साहेब म्हणाला, राडारोड्याची गाडी हे घेत नाही. धोकादायक कचरा घेणारे म्हणाले, आम्ही कंपन्यांचा माल घेतो, घरगुती नाही. मी अर्ज केले, फोन केले, भांडले. बालवाडीच्या सुरेखाबाई साधी चौकशी करून गेल्या, बाकीची गल्ली मात्र कारण सांगूनही टोमणे मारू लागली. “काय आप्पा, पत्रं द्यायला जीव होईना व्हय?” ज्या माणसाला जन्मात कुणी चिक्कू म्हटलं नव्हतं, त्याला.

आप्पा रोज सकाळी मला एवढंच विचारत, “आली का गं तुझी गाडी?” नाही म्हटलं की मान हलवत. एकदा म्हणाले, “शब्द फिरवला म्हनत्यात. म्हनू दे. पोरांच्या डोक्यावर न्हाई घालायचा.”

गाडी आली नाही. आप्पा गेले. हृदय बंद पडलं, पत्र्यांचा संबंध नाही.

नंतर मी आठवडाभर बाहेरगावी होते. परतले तर परसातला गठ्ठा गायब. त्यांचा मुलगा महेश हिंजवडीला कंपनीत आहे, त्याला गाठलं.

“अगं, बालवाडीला दिले. आप्पांनी सगळ्यांसमोर शब्द दिला होता. लोक काय काय बोलत होते, ते तर क्लिअर झालं.”

“त्यांनीच नको म्हटलं होतं, महेश.”

“मग इतके जपून का ठेवले? एकाला तडा नाही. एकदम गुड कंडिशन.”

मी बालवाडीकडे पळाले. अंगणावर मांडव उभा होता. पंख्याच्या हुकांसाठी पत्र्यांना नुकतीच भोकं पाडलेली, आणि खाली पोरांच्या सतरंजीवर पांढरी भुकटी. सुरेखाबाईंनी झाडू उचलला होता. मी तो हातातून काढून घेतला. म्हटलं, पोरांना आत न्या, झाडू नका, ओलं फडकं द्या.

बिचाऱ्यांनी पोरं आत नेली, फडकं भिजवून आणलं. मी नाकाला मास्क लावला, स्टुलावर चढले आणि दर्शनी पत्र्याच्या भोकाकडे ओलं फडकं नेलं. त्याच्या शेजारी निळ्या रंगानं लिहिलं होतं, ‘कै. आप्पांच्या स्मरणार्थ’.

“तेवढं जपून हं ताई,” सुरेखाबाई खालून म्हणाल्या. “नाव अजून ओलं आहे.”