वाढलेला आकडा

ही गोष्ट मी आजवर तोंडातून काढलेली नाही — सख्ख्या बहिणीजवळसुद्धा नाही. तुम्हाला का सांगतेय? तेही मला नीट ठाऊक नाही.

तसं माझं बरं चाललंय. लातूरला लेकीजवळ असते. जावई डाळमिलमध्ये आहे, नात माझ्याच ताटात जेवते. छातीच्या कॅन्सरमधून उठलेली बाई आहे मी, हे नव्या माणसाला सांगूनही पटत नाही.

तेव्हा आम्ही हदगावला होतो. मालक आधीच गेलेले. घरात मी आणि माझी लेक शुभांगी. ऑपरेशन झालं, केमो झाली, केस गेले, परत आले. उलटीचं भांडं धरायची तीच. मग अधूनमधून रक्त तपासायचं — त्यात मार्कर म्हणून एक आकडा असतो. तो वाढला, की दुखणं परतल्याची भीती.

त्याच सुमारास शुभांगीला बंगळूरला नोकरी लागली. बॅग भरून झाली होती. मी पेढे वाटले सगळ्या गल्लीत, पण जीव — जीव काही थाऱ्यावर नव्हता.

नांदेडला रिपोर्ट आणायला मी एकटीच गेले. डॉक्टर म्हणाले, आकडा खाली आलाय, चांगलं लक्षण आहे. पण एवढ्या एका आकड्यावरून पुढचं सगळं कळत नसतं, तपासण्या सोडू नका. मी हाव म्हणाले आणि बसस्टँडवर आले. तिथंच शुभांगीचा फोन आला.

"माय, काय म्हणले डॉक्टर?"

एकदम तोंडातून निघून गेलं का? नाही. दवाखान्यापासून स्टँडपर्यंत मी तेच मनात घोळवत आले होते.

"मार्कर वाढलाय, बाई."

 ती म्हणाली, "मी न्हाई जात. तू घाबरू नको."

रिपोर्ट कुठंय, असं तिनं विचारलं, तर डॉक्टरांनी ठेवून घेतला, असं मी सांगितलं. एका खोट्याला दुसरं. तिनं बंगळूरला नकार कळवला, लातूरच्या एका क्लासमध्ये शिकवायला लागली, मलाही सोबत आणलं. माहूरला अनवाणी चढून रेणुकामातेला नवस बोलली — न वाढलेल्या आकड्यासाठी. मी मागून चढत होते. बघत होते. तेव्हा तरी सांगायचं होतं ना?

पुढच्या तपासणीला ती आत आली. आकडा चांगला निघाला; मागच्या आकड्याचा विषय डॉक्टरांनी काढलाच नाही. माझ्या गळ्यात पडून रडली. मीही रडले — डॉक्टरांना वाटलं, आनंदानं.

आता ती सुखात आहे, हे खरं. बंगळूरच्या मैत्रिणीचा फोन येऊन गेला की थोडा वेळ कुणाशी बोलत नाही, हेही खरं. माझ्या आजारपणानं जाणं राहिलं, असं ती लोकांना सांगते; मी शेजारी बसून ऐकते.

आजारपणानं नाही. मी अडवलं तिला. आणि संध्याकाळी ती दारात चप्पल काढताना दिसली, की मला आजही तितकाच आनंद होतो.