काकांची राख

इंटिरियरच्या कामात घर एकदा पूर्ण झालं की ड्रॉइंग रद्दीत जातात, कापडाचे नमुने कचऱ्याच्या गाडीत जातात (तेही सुका वेगळा काढून, इंदूर आहे शेवटी!) आणि किस्से तेवढे ऑफिसातच राहतात. त्यांना न्यायला कुठली गाडी येत नाही.

आमच्याकडे तर ढीग झालाय. चार वाजता चहा आला की नवीन मुलींपैकी कोणीतरी म्हणते, "ताई, तो काकांचा सांगा ना," आणि मी सांगते. मी स्मिता. जन्म सुदामा नगरचा, नोकरी नऊ वर्षांपासून अनघा मॅडमच्या स्टुडिओत. मॅडम मूळच्या नाशिकच्या. नवऱ्याच्या बदलीमुळे इथे आल्या आणि लोकांचे फ्लॅट रंगीबेरंगी करायला लागल्या. आणि काका म्हणजे गायकवाड काका, आमचे रंगवाले. महूचे.

पूर्वी हे किस्से सांगताना मीच आधी हसायचे. आता मधेच कुठेतरी गाडी अडते. तरी सांगते.

* * *

काकांचे आजोबा फौजेत होते. वडील महूच्या छावणीत रंगकाम करायचे. काका म्हणायचे, "आमच्या बाबांनी जन्मभर दोनच रंग लावले. झाडांना चुना आणि गेरू. बाकीचे सगळे माझ्या वाट्याला आले."

मी नवीन होते तेव्हा त्यांच्यापुढे शेडकार्ड ठेवलं. दुकानात नंबर सांगितला की मशीन तयार रंग काढून देतं, हे त्यांना समजावून सांगितलं. मतलब, मी त्यांना शिकवत होते! त्यांनी सगळं ऐकून घेतलं, कार्ड मिटलं आणि म्हणाले, "बेटा, खिडकी कुठल्या बाजूला आहे हे याला माहीत आहे का?"

मग पांढऱ्या रंगात थेंब थेंब दुसरा रंग सोडत, काठीने ढवळत, भिंतीवर लावून बघत त्यांनी दुपारपर्यंत एक पिस्ता काढला. मॅडम आल्या, खुर्ची ओढली आणि त्या भिंतीसमोर बसून राहिल्या. त्या दिवसापासून आमच्याकडे मशीनचा रंग बंद झाला.

त्यांची आणखी एक रीत होती. जिथे सगळ्यात जड फर्निचर येणार, तिथे भिंतीवर वहीएवढा चौकोन ते पांढराच सोडायचे. काम संपलं की उरलेल्या रंगात पंजा बुडवून त्या चौकोनात ठसा उमटवायचे. पुढे भिंत खराब झाली तर खरा रंग तिथे सापडतो, ऊन पोचत नाही ना. ही वडिलांकडून आलेली रीत. गिऱ्हाइकांना बहुतेक वेळा पत्ताही नसायचा.

* * *

हा किस्सा स्नेहलतागंजचा. फ्लॅटचे मालक आम्हाला 'भिया', म्हणजे इंदुरी भैया, म्हणायचे आणि आम्ही त्यांना. हॉल हळदी पिवळा ठरला होता आणि कोपऱ्यात एक गोल, केशरी खुर्ची. दिसायला जबरदस्त. बसलं की उठायला मात्र दोन माणसं लागायची.

अडचण एवढीच होती की त्या कोपऱ्यात त्यांच्या वडिलांचा लोखंडी पलंग होता. रस्ता दिसतो म्हणून ते तिथे झोपायचे. भिया मॅडमना म्हणाले, "पापाजी का पलंग थीम में नहीं बैठ रहा." ठरलं की पापाजींना मागच्या स्टोअररूममध्ये हलवायचं. पापाजी तिथेच होते. नुसती चादर नीट करत होते.

काका शिडीवरून उतरले. जेवणाच्या सुट्टीत त्यांनी तो पलंग घासला आणि संध्याकाळपर्यंत त्याला भिंतीचाच पिवळा दिला. पाय केशरी केले. भिया आल्यावर एवढंच म्हणाले, "अब बैठ गया थीम में."

भिया खो खो हसले. पलंग राहिला, खुर्ची दुसऱ्या खोलीत गेली. पापाजी पुढचे आठ महिने रस्ता बघत तिथेच झोपले आणि तिथेच गेले.

आता त्या पलंगावर उशा मांडून पाहुणे बसतात. अख्ख्या घरात सगळ्यात जास्त कौतुक त्याचंच होतं.

* * *

काका महूहून बसने यायचे, इंदूरला बस बदलून साइटवर. एक दिवस अकरा वाजले तरी पत्ता नाही. फोन केला तर म्हणाले, "मी देवासला आहे."

देवास! इंदूर ओलांडून तासभर पुढे. आमचं काम होतं इथे, विजय नगरच्या अलीकडे. मॅडमनी फोन स्पीकरवर टाकला. काका शांतपणे सांगत होते, "बस चालतच राहिली. मला वाटलं, आज इंदूर मोठं झालंय."

आम्ही इतक्या हसलो की मॅडमच्या डोळ्यांतून पाणी आलं. संध्याकाळी त्यांना विचारलं तर म्हणाले, बसची पाटी नीट दिसली नाही, चष्मा घरी राहिला.

ते गेल्यावर बसल्या जागी माझ्या लक्षात आलं की काकांना चष्माच नव्हता. नंतर बोलू, असं मनात म्हटलं आणि टाइल्सची ऑर्डर लिहायला घेतली.

* * *

त्यानंतर थोड्याच दिवसांनी मेहता भाभींचं काम. बायपासच्या बाजूला नवा टॉवर, दहावा मजला. त्यांचा सोफा मोरपंखी मखमलीचा, अर्ध्या गोलातला. लिफ्टमध्ये मावेना. चार माणसांनी जिन्याने वर चढवला आणि सातव्या मजल्यावर सोफा टेकवून त्यावरच बसून चहा प्यायले. एवढा रुबाबदार सोफा, म्हणून मागची भिंत शांत हवी होती. मॅडमनी राखेचा रंग सांगितला.

मी दुपारी पोचले तर भिंत निळी. राखेत जरा निळसर झाक वगैरे नव्हे, चांगली शाईसारखी निळी. काका स्टुलावर बसून हात पुसत होते. म्हणाले, "बघ बेटा, कशी थंड राख उतरलीय."

मला वाटलं, गंमत करतायत. चेहरा बघितला तर गंमत नव्हती. काम मनासारखं झालं की ते डावा खांदा जरा चोळायचे, तसा चोळत होते.

मी बाहेर येऊन मॅडमना फोन केला. त्या आल्या, दारातच थबकल्या. तोंड उघडणार तोच मागून भाभी आल्या आणि छातीवर हात ठेवून म्हणाल्या, "हाय राम, क्या ब्लू निकाला है!" आणि खरं सांगू? त्या निळ्यावर तो सोफा असा काही पेटला होता की राखेवर पेटलाच नसता.

भाभींनी फोटो टाकले. त्या महिन्यात तिघं जण 'वही वाला ब्लू' मागत आले.

खाली येताना लिफ्टमध्ये आम्ही दोघीच होतो. मॅडम म्हणाल्या, "काकांना काही बोलू नकोस. चाललंय ते चालू दे." मी मान डोलावली.

चहाच्या वेळी हा किस्सा सांगते तेव्हा मी लिफ्टचा भाग गाळते.

* * *

मग आमचं नाव झालं. 'बोल्ड कलर' हवा तर अनघा मॅडमकडे जा! काकांची साय जांभळट यायला लागली, बदामी हिरवटावर जायला लागला. एक प्रोफेसर आपल्या जांभळट स्टडीरूममध्ये उभे राहून म्हणाले, "इतकं धाडस माझ्यात नव्हतं, तुम्ही करून दिलंत." काका मला बाजूला घेऊन विचारत होते की सायीत कसलं आलंय धाडस. मी म्हटलं, मोठ्या लोकांचं बोलणं असतं काका.

आणि मी काय केलं, तर यादी केली. वहीच्या मागच्या पानावर दोन रकाने. काकांना काय सांगायचं, भिंतीवर काय येणार. निळा पाहिजे तर राख सांगायची. जांभळट पाहिजे तर साय. मॅडम मला हुशार म्हणाल्या. मलाही तेव्हा तसंच वाटलं होतं, लाज वाटते सांगायला.

काका तेव्हा सारखे म्हणायचे की आजकालचे बल्ब पिवळे यायला लागलेत. मॅडमनी साइटवरचे सगळे बल्ब बदलून दिले. डॉक्टरकडे चला, एवढं कोणी म्हणालं नाही. एकदा मी म्हणणार होते, पण दिवाळीची कामं होती. मग लग्नसराई आली.

एकदा ती वही टेबलावर उघडी राहिली. यादीचंच पान. काकांनी उचलली, डोळ्यांजवळ नेली, लांब धरली, पुन्हा जवळ आणली.

वही माझ्या हातात देत ते म्हणाले, "अक्षर छान आहे तुझं."

* * *

महूहून त्यांच्या मुलीचा, सुजाताचा फोन आला. "जय भीम ताई," म्हणाली आणि मग रडायलाच लागली. काकांनी सकाळी चहा कपाच्या शेजारी ओतला होता. सगळा टेबलावर. ती त्यांना तसंच उठवून डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेली.

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला होता; त्यातून सगळं पिवळट दिसतं आणि निळा फिका पडतो. उजव्याचं ऑपरेशन होणार, त्याने पुन्हा स्वच्छ दिसणार होतं. डाव्यात मात्र आत काचबिंदूही होता, आणि तो डोळा गेला होता. डॉक्टर म्हणाले, दोन वर्षांपूर्वी आणलं असतं तर वाचवता आला असता.

"तुमच्याकडे दिवसभर असायचे," सुजाता म्हणाली. "कोणाच्या लक्षात नाही आलं का हो?"

मी म्हटलं, नाही गं, काका तर एकदम फिट वाटायचे. फोन ठेवल्यावर हिशेब केला. भाभींच्या भिंतीला दोन वर्षं आणि वर तीन महिने झाले होते.

* * *

ऑपरेशन चांगलं झालं. दीड महिन्याने काका काळा चष्मा लावून स्टुडिओत आले. खिडकीशी गेले, चष्मा काढला आणि बाहेरचं गुलमोहराचं झाड बघत राहिले. म्हणाले, एका डोळ्याने का होईना, सगळं धुऊन ठेवल्यासारखं दिसतंय. कितीतरी दिवसांनी पांढरा बघितला. मग मला म्हणाले, "चल, माझी ती नावाजलेली राख दाखव."

मॅडमनी मागून मला मानेनेच नको म्हटलं. मी स्कूटरची किल्ली घेतली. का घेतली, मला माहीत नाही.

वाटेत ते दुकानांच्या पाट्या मोठ्याने वाचत होते. एकही सोडली नाही.

भाभींनी दार उघडलं, पाया पडल्या. म्हणाल्या की येणारा प्रत्येक जण विचारतो, ही भिंत कोणी केली. काका हसत आत गेले आणि हॉलच्या मधोमध उभे राहिले. मग वळून मला विचारलं, "यावर नंतर कोणी हात मारला?"

भाभीच म्हणाल्या, "काका, आप ही का तो है! किसी को छूने भी नहीं दिया."

काकांनी सोफ्याकडे बोट केलं. भाभींनी आणि मी मिळून तो ओढला. मागे पांढरा चौकोन होता, जसाच्या तसा, आणि त्यात निळा पंजा. काका खाली बसले. हात पुढे केला आणि त्यावर ठेवला. पाचही बोटं बसली. त्यांची करंगळी वाकडी आहे, तीसुद्धा.

उठायला त्यांना वेळ लागला. आम्ही सोफा परत लावला, तसे ते त्यावर बसले. भाभींना काय कळणार? त्या फोन घेऊन आल्या, मला काकांच्या शेजारी बसवलं. मागे भिंत यायला हवी म्हणून दोन पावलं मागे गेल्या.

काका समोर बघत होते. आवाज अगदी हळू.

"तुला तर दिसत होतं ना, बेटा?"

"काका, इधर देखिए," भाभी म्हणाल्या.

भाभींनी तीन फोटो काढले. तिन्हींत काका समोर बघतायत आणि मी खाली.