सुपाच्या पाठीवरचे अकरा महिने

रंभाच्या कानावर ते भांडण पडलं तेव्हा ती विहिरीच्या काठावर कोथिंबिरीच्या जुड्या धूत होती. ऐकू नये असं काही ऐकू आलं की बाईचे हात जास्तच जोरात चालतात, तसे तिचे चालू लागले. त्या दिवशीची कोथिंबीर धुऊन धुऊन निम्मी झाली.

सन एकोणऐंशीचा उन्हाळा होता. तिचा नवरा शत्रुघ्न सतरा वर्षांची फौजेची नोकरी संपवून खाडीकाठच्या आपल्या गावी परत आला होता, आणि आठ दिवसांतच थोरला भाऊ हसुराम याच्याशी शेताच्या बांधावरून त्याची जुंपली होती. बांध सरकला होता किती? एक वीत. पण दोघे तालुका गेल्यासारखे भांडत होते.

हसुराम सातवी शिकलेला. इंग्रजी अक्षरं लावून लावून त्याने भावाचं डिस्चार्ज बुक आल्या दिवशीच वाचून काढलं होतं. बोलण्यात आपली बाजू लंगडी पडते आहे असं दिसल्यावर त्याने तेच काढलं.

"मला लढाईच्या गोष्टी सांगू नको. एकाहत्तर सालातले अकरा महिने तुझ्या पुस्तकात नायत. कोनच्या लढाईत व्हतास तेव्हा, की कोनाच्या पडवीत लपून बसला व्हतास?"

शत्रुघ्नने फावडं खाली ठेवलं आणि तो घरी आला. बांधाचं नाव त्याने पुन्हा काढलं नाही. ती वीतभर जमीन हसुरामकडे राहिली आणि दोघा भावांचं बोलणं लग्नाकार्यापुरतं उरलं.

आता ते अकरा महिने गेले कुठे, तर सांगते. फौजेत एके सकाळी साहेबाने रांगेत विचारलं होतं, होडी कुणाला चालवता येते? पलटणीत सगळे डोंगराकडचे नाहीतर देशावरचे. खाडीत वाढलेल्या शत्रुघ्नने हात वर केला. त्याला उचलून पूर्वेकडे, नदीवर पूल बांधणाऱ्या एका कंपनीत उसना दिला. शेजारणीकडे वाटीभर साखर द्यावी तसा. तिथे त्याने होड्या एकमेकींना बांधल्या, त्यांच्यावर फळ्या टाकल्या, डोक्यावरून गोळे जात असताना माणसं आणि गाड्या पार केल्या. लढाई संपली, उसना माणूस परत आला. पूलवाल्यांना वाटलं, नोंद त्याची पलटण करील. पलटणीला वाटलं, पूलवाल्यांनी केली असेल. पुढे घरी यायच्या दिवशी पुस्तक हातात पडलं तेव्हा शत्रुघ्नने न वाचताच सही ठोकली, कारण पाऊस पंधरा दिवसांवर आला होता आणि भाताची राब, म्हणजे रोपांची जागा, भाजायची राहिली होती. शेतकऱ्याच्या पोराला फौज सतरा वर्षांत सगळं शिकवते, पण राब विसरायला शिकवत नाही. अशा रीतीने कागदोपत्री शत्रुघ्न अकरा महिने जन्मालाच आलेला नव्हता. लढाईत गेलेल्यांना दोन पदकं मिळतात, तीही त्याला मिळाली नाहीत.

अठरा वर्षं तो यावर काही बोलला नाही. वांगी लावली, वालाच्या शेंगा काढल्या, माणिकपूरच्या बाजारात नेऊन विकल्या. रंभाही बोलली नाही. पण बाई बोलत नाही म्हणजे विसरली, असं पुरुषांनी समजू नये.

सत्याण्णव साली स्वातंत्र्याला पन्नास वर्षं होणार म्हणून पंचायतीने ठरवलं, शाळेच्या दारात संगमरवरी पाटी बसवायची आणि लढाईवर गेलेल्या गावच्या माणसांची नावं तिच्यावर कोरायची. पुस्तक दाखवील त्याचं नाव लागेल. चार नावं निघाली. शत्रुघ्नचं नाव नव्हतं. पाटीच्या कमिटीवर हसुराम होता.

शत्रुघ्न म्हणाला, नाव नसलं म्हणून काय झालं, मी आहे ना. तिसऱ्या दिवशी रंभा भाकरी वाढता वाढता म्हणाली, "तुमाला नको आसंल. मला हवंय. आपली रोशनी त्याच शाळेत जाते. रोज जाता येता ती पाटी वाचनार, आनि तिच्यात आजोबा नसनार. ते मला चालायचं नाय."

शत्रुघ्नने भाकरी संपवली आणि पेटीतून पुस्तक काढलं.

भुईगावचा फर्डिनंड, तोही फौजेतून हवालदार होऊन आलेला, ठाण्याला माजी सैनिकांच्या कचेरीत कामाला होता. पुस्तक उलटसुलट पाहून त्याने अर्ज लिहून दिला. अडीच महिन्यांनी उत्तर आलं, सदर काळाची नोंद आढळत नाही. दुसरा अर्ज गेला. तेच उत्तर, फक्त तारीख नवी.

फर्डिनंडने समजावलं, "काका, तुम्ही सांगता ते मला पटतं. पण पटून उपयोग नाही. त्या साली तुम्ही तिथे होतात, असं त्या सालच्याच कागदाने बोलायला पाहिजे. घरी पत्रं नव्हती का पाठवलीत?"

पाठवली होती तर. रंभाला ती पत्रं चांगली आठवत होती. निळं पत्र आलं की सासू ओटीवर बसायची, हसुराम मोठ्याने वाचायचा आणि रंभा स्वैपाकघराच्या दाराआडून ऐकायची. पत्रात तिचं नाव कधीच नसायचं, तशी रीतच नव्हती. शेवटी "घरी सर्वांना नमस्कार" असायचं. त्या सर्वांतला आपला वाटा ती काढून घ्यायची आणि भाताला आधण ठेवायला जायची. पण वाचून झाल्यावर सासू पत्रांचं काय करायची, ते तिने सुनेला कधी सांगितलं नाही. म्हातारी जाऊनही बारा वर्षं झाली होती. पेटी, फडताळ, देव्हाऱ्याखालचा कोनाडा, माळ्यावरचं पिंप, सगळं उलथंपालथं झालं. निघालं काय, तर एक हरवलेला अडकित्ता आणि विंचू.

वैशाखात दरसालप्रमाणे रंभाने सुपं खाली काढली. आमच्याकडे बांबूच्या सुपाला फटी पडू नयेत म्हणून भिजवलेली मेथी वाटून तिच्या खळीने पाठीवर कागद चिकटवतात आणि वर्षाच्या वर्षाला खळीचा एक हात देतात. सासूचं सूप जुनं, खळीचे थरावर थर चढून तांब्याच्या परातीसारखं जड झालेलं. नवा हात बसेना, म्हणून रंभाने ओल्या काथ्याने जुनी खळी घासायला घेतली. एक पापुद्रा निघाला, दुसरा निघाला, आणि खाली निळं दिसलं.

निळ्यावर गोल शिक्का होता. रंभाची शाळा दुसरीपर्यंतची, पण तराजूच्या वजनांमुळे इंग्रजी आकडे तिला येत होते. तिने काथ्या टाकला आणि पदराने हलक्या हाताने पुसलं. सात. एक.

तिने मळ्याकडे तोंड करून हाक मारली, "अवो, जरा इकडं या. तुमी घावलात."

तीन पत्रं होती, एकाला लागून एक. म्हातारीने ती उघडून, मजकुराची बाजू बांबूकडे करून चिकटवली होती. लेकाचे शब्द येणाऱ्याजाणाऱ्याच्या नजरेला पडू नयेत म्हणून. पत्त्याची बाजू मात्र बाहेर. तिच्यावर काय होतं? पाठवणारा म्हणून शत्रुघ्नचा नंबर, त्याचं नाव, पूलवाल्या कंपनीचं नाव, मार्फत ९९ एपीओ, म्हणजे फौजेचं टपालघर, आणि वर फौजेच्या टपालाचा तारखेसकट शिक्का. एप्रिल, ऑगस्ट, डिसेंबर. कचेरीला जे हवं होतं तेवढंच बाहेर राहिलं होतं.

रविवारी मिस्सा झाल्यावर फर्डिनंड स्कूटरवरून आला. सूप मांडीवर घेऊन बसला तो उठेचना. मग म्हणाला, बावीस वर्षांच्या नोकरीत आपण बरेच पुरावे पाहिले, पण तांदूळ पाखडलेला पुरावा पाहिला नव्हता. पत्रं सोडवायला जाऊ नका, फाटतील. आहे तसं सूप चालवू.

चालवू म्हणणं सोपं होतं. माणिकपूरच्या झेरॉक्सवाल्याने आधी हात जोडले, मावशी, इथे कागदाची कॉपी निघते, भांड्यांची नाही. शेवटी सूप काचेवर पालथं घातलं. झाकण बसेना, तेव्हा रंभाने वरून आपली शाल धरली. सहावी प्रत बरी आली. दुकानात ज्यांचं काही काम नव्हतं असे आठ जण तोवर जमले होते.

प्रतीवर सरकारी अधिकाऱ्याची सही लागते. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई सही करायच्या, पण मूळ कागद पाहिल्याशिवाय नाही. मूळ कुठे आहे, त्यांनी विचारलं. शत्रुघ्नने टेबलावरचा रक्तदाबाचा डबा बाजूला सारून सूप ठेवलं. बाईंनी प्रत पाहिली, सूप पाहिलं, पुन्हा प्रत पाहिली. मग "मुळाबरहुकूम" असा शिक्का मारला आणि हसू येतंय म्हणून सही तिरकी आली.

एवढ्यानेही भागेना. पत्रं ज्याला आली त्याने प्रतिज्ञापत्र द्यायचं, की होय, ही मला याच माणसाकडून आली. आणि तिन्ही पत्त्यांवर नाव होतं हसुरामचं, कारण घरात वाचणारा तोच.

शत्रुघ्न म्हणाला, इथेच संपलं. मी काही त्याच्या दारात जायचा नाही.

तो नाही गेला. रंभा गेली. डोक्यावरचा पदर सारखा केला, सूप काखेत घेतलं आणि थोरल्या दिराच्या ओटीवर जाऊन त्यांच्यापुढे पालथं ठेवलं. हसुरामची सत्तरी जवळ आली होती, डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. त्याने बोटांनी कागद चाचपले.

मग म्हणाला, "मधल्यात लिवलं हाय, पानी आपल्या खाडीसारखंच गढूळ हाय, पन पलीकडचा काठ दिसत नाय. शेवटच्यात आयेला लिवलंय, काळजी करू नको, मी बुडनाऱ्यातला नाय. ते वाचताना माझाच आवाज गेला व्हता. आयेला वाटलं, मला पडसं झालंय."

"मंग भावोजी, त्या दिवशी बांधावर तसं का बोललात?"

हसुरामने सूप सुलटं केलं, पुन्हा पालथं केलं.

"बांध मीच सरकवला व्हता ना," तो म्हणाला.

रंभाला हसू फुटलं. दिरासमोर हसायची रीत नव्हती, म्हणून तिने पदर तोंडात धरला, पण खांदे हलत होते ते काही लपले नाहीत. हसुरामही मग हसायला लागला, आणि आतून चहा घेऊन आलेली जाऊ, दोघांना वेड लागलं की काय, म्हणून दारातच उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी दोघे भाऊ ठाण्याच्या एसटीत शेजारी शेजारी बसले. अठरा वर्षांत पहिल्यांदा. सूप हसुरामच्या मांडीवर. कंडक्टरने विचारलं, आजोबा, धान्य कुठे पाखडायचंय? हसुरामने ऐटीत सांगितलं, लष्करी कागदपत्रं आहेत. परत आले तेव्हा दोघांचे आवाज बसले होते. जाताना आणि येताना, दोन्ही वेळा भांडले होते म्हणे. पण ते जुनं भांडण नव्हतं. खाडीत निवट्या मासा जास्त कुठे मिळायचा, यावरून होतं.

ऑगस्टात पाटी बसली तेव्हा कागद आला नव्हता. हसुरामने मात्र गवंड्याजवळ उभं राहून चार नावांखाली एका नावाची जागा सोडायला लावली. सरपंचाने विचारलं, उत्तर नकाराचं आलं तर? हसुराम म्हणाला, मग मी माझं नाव कोरीन, झेरॉक्सच्या लढाईत होतो म्हणून.

दिवाळीनंतर रजिस्टरने कागद आला. अकरा महिने नोंदले गेले, तारखांसकट. त्याच्यामागून महिन्याभराने छोटी पेटी आली, तिच्यात दोन पदकं, पूर्वी स्टार आणि संग्राम पदक. पोस्टमनला कळेना सही कोण करतंय, कारण शत्रुघ्न, हसुराम आणि रोशनी तिघांनीही हात पुढे केला. रंभाने पदकं शत्रुघ्नच्या सदऱ्याला लावली. टोचेल म्हणून आत बोट धरलं आणि तेच टोचून घेतलं. तो दिवसभर तसाच मळ्यात वालाचे मांडव बांधत फिरला. पाटीवर नाव कोरलं त्या दिवशी रोशनीने ते इतक्या वेळा मोठ्याने वाचलं की गुरुजींनी तिला वर्गात हाकललं.

खरं सांगायचं तर शत्रुघ्नची खरी नोकरी तिथून पुढे सुरू झाली. ज्याचं सुपावरून काम झालं त्याच्याकडे लोक आले नाहीत तरच नवल. कुणाची जन्मतारीख चुकलेली, कुणाच्या विधवेचं नाव लागलेलं नाही, कुणाची जखम कागदावर नाही. दर मंगळवारी तो इस्त्रीचा सदरा घालायचा, रेक्झिनची पिशवी घ्यायचा आणि सकाळच्या एसटीने ठाण्याला जायचा. फर्डिनंड रिटायर झाला, नवे साहेब आले आणि गेले, मंगळवार चुकला नाही. कुणाकडून काही घ्यायचा नाही. फक्त परसातलं काही दिलं तर नाही म्हणायचा नाही, कारण नाही म्हटलं की माणूस रागावतो आणि केळी रागावलेल्या माणसाच्या घरी सडतात, असं त्याचं म्हणणं.

दोन हजार सहाच्या मार्गशीर्षात त्याचा शेवटचा मंगळवार आला; पुढचा मंगळवार त्याने पाहिला नाही. काम सांडोरच्या सालोमीचं होतं. तिच्या नवऱ्याच्या पुस्तकात लग्नाची नोंदच नव्हती आणि नवरा तर गेलेला. त्यांच्या देवळातून, म्हणजे चर्चमधून, लग्नाचा दाखला काढून शत्रुघ्न तिच्यासाठी तीनदा जाऊन आला होता. चौथ्या खेपेला नोंद झाली. दुपारच्या एसटीने येऊन तो आधी सांडोरला उतरला, तिच्या ओसरीवर बसला आणि नोंदीचा नंबर तिच्याकडून दोनदा म्हणून घेतला. कागदाला टाचणी लावू नको, गंजते, दोऱ्याने बांध, असं बजावलं. चहा नको म्हणाला. केळ्यांचा फणा घेतला.

घरी येऊन त्याने रंभाला सांगितलं, सालोमीचं झालं. पाय धुतले, केळी फडताळात ठेवली, पिशवीतून सालोमीची फाइल काढून पुढच्या मंगळवारी जिचं काम होतं त्या जुलियानाची आत घातली, आणि पिशवी खुंटीला लावली.