कोठीच्या खोलीतली माऊ

पाणी गेलंय का बघायला मी न्हाणीघरातला नळ उघडला. पाणी खरंच गेलं होतं. शंका फिटली, म्हणून नळ तसाच सोडून मी फिरायला गेलो. परत येईपर्यंत पाणी आलंही होतं आणि घरभर हिंडून खालच्या मजल्यावर उतरलंही होतं.

"इतक्या वर्षांत खालच्यांकडे तुम्ही काहीतरी पाठवलंत म्हणायचं," बायको म्हणाली.

माफी मागायला खाली गेलो. माझं सगळं पाणी तिथली मुलं सांभाळणाऱ्या माऊंच्या खोलीत पडलं होतं. त्यांतल्या थोरल्याला बोबड्या वयात 'मावशी' म्हणता येईना, तेव्हापासून अख्ख्या इमारतीच्या त्या माऊ. थोरला आता त्यांच्याहून उंच झालाय, पण मोजा सापडला नाही की अजून त्यांच्याच नावानं ओरडतो.

खोलीत कपडे धुण्याचं मशीन, इस्त्रीचं टेबल, मुलांची जुनी बाबागाडी आणि या मंडळींनी जरा सरकून घेतलं तर एक माणूस मावत असे. माऊ निथळती गादी भिंतीशी उभी करत होत्या.

"फार नुकसान केलं हो मी."

"असू द्या भाऊ. छताला आजवर कुणी अंघोळ घातली नव्हती." मग वर बघत म्हणाल्या, "तुमच्याकडे या खोलीत कोण असतं?"

"माझी रद्दी."

"तिचं भाडं कापता का?"

मी हसलो, पण त्या हसल्या नाहीत. या खोलीचं भाडं आणि जेवणखाण वजा करून उरेल तो पगार त्यांना रोख मिळे. पगाराचा कागद मागितला की मुलांची आई, म्हणजे मालकीणबाई, मायेनं म्हणत, "माऊ, कागद आला की टॅक्स आला. तुझ्याच हातात कमी पडेल गं." आता मालकीणबाईंची धाकटी शाळेत जाणार, खोलीत तिचं अभ्यासाचं टेबल येणार. माऊ जागा शोधत होत्या. पण जो तो घरमालक पगाराचा कागद आणि आधीचा पत्ता मागे. एकानं तर विचारलं होतं, "मग बाई, इतकी वर्षं होतात तरी कुठे?"

एवढ्यात मालकीणबाईंबरोबर नुकसानीची नोंद करायला विम्याचा माणूस आला.

"इथं कोण राहतं?"

"कुणी नाही. कोठीची खोली आहे," मालकीणबाई म्हणाल्या.

"आणि ही गादी?"

"जुनी आहे, टाकायचीच होती."

त्यानं मशीन लिहून घेतलं, टेबल लिहून घेतलं, बाबागाडीसुद्धा लिहून घेतली. मग टेप काढून म्हणाला, "बाई, जरा हे टोक धरा." कुणीच राहत नसलेल्या त्या खोलीच्या भिंतीला टेपचं टोक लावून माऊ उभ्या राहिल्या. मापासाठी त्यांना स्वतःची उशी पायानं बाजूला सारावी लागली.

चहाला म्हणून मालकीणबाई त्याला बाहेर घेऊन गेल्या. मला राहवेना.

"माऊ, मी सांगतो त्याला. तुम्ही इथं राहता, इथं नोकरी करता, हे एकदा कागदावर येऊ दे. घर मिळायला पुरावा होईल. सांगू?"

माऊंनी उशी उचलून पिळली.

"सांगा, आणि संध्याकाळपर्यंत तुमची रद्दी हलवून ठेवा."