शिकायला आलेले पाहुणे

जिवनबाई,

तुला वाचता येत नाही, तेव्हा हे तुझी लेक निताच वाचून दाखवील. तिची अर्धी सहावी तेवढ्याला पुरेल. तिला सांग, अडखळलीस तरी चालेल, गाळायचं मात्र काही नाही. तुझ्याबद्दल आजवर लोकांनी पुष्कळ लिहिलं, गुळगुळीत कागदावर छापलंसुद्धा. त्यात तू कुठंच नव्हतीस, म्हणून आता मी बसले आहे. पुढचं सगळ्यांसाठी लिहिते. मधेच ‘खोटं हाय’ म्हणायला तू मोकळी आहेस.

औंढा तालुक्यात, सिद्धेश्वर धरणाच्या अलीकडे, एका ओढ्याच्या काठाला जिवनबाईचा तांडा. घरं पस्तीस. त्याला लागून बौद्धवस्ती, घरं बारा. शाळा चौथीपर्यंत. पाचवी, दवाखाना, पिठाची गिरणी, एसटीचा थांबा, हे सगळं ओढ्यापलीकडच्या गावात. उन्हाळ्यात ओढा कोरडा, शेळीसुद्धा खुर न भिजवता जाई. आषाढ लागला की छातीइतकं पाणी. २००१ च्या जूनमध्ये जिवनबाईची निता पाचवीला गेली. आईनं तिला खांद्यावर घेऊन महिनाभर ओढा पार केला. श्रावणात एकदा पाय निसटला, दप्तर वाहून गेलं, पोरगी वाचली. त्या दिवसापासून जिवनबाईच्या डोक्यात एकच गोष्ट होती, पूल. फार मोठा नको. चार नळे टाकून वर फरशी, पोरींचे पाय कोरडे राहावेत एवढा.

त्याच वर्षी थंडीत दोन जीपगाड्या आल्या. परदेशातल्या एका देणगीदार संस्थेची माणसं होती. जाती-वर्णातली विषमता ‘समजून घ्यायला’ निघाली होती. त्यांना घेऊन आला रविंद्र, हिंगोलीतल्या एका संस्थेचा कार्यकर्ता, नव्या जिल्ह्यातला नवा उत्साह. आणि दुभाषी म्हणून मी, हिंगोलीतली निवृत्त मास्तरीण. तरुणपणी इंग्रजी घेऊन बी. ए. केलं, त्याची ही शिक्षा.

प्रमुख होती एक उंच गोरी बाई. खाली मांडी घालून बसायचा तिचा हट्ट, आणि उठताना दोघांनी ओढायला लागे. ती म्हणाली, “आम्ही द्यायला नाही, तुमच्याकडून शिकायला आलो आहोत.”

मी ते सांगितलं. जिवनबाईनं ओढणी दातात धरून तिच्याकडं नीट बघितलं.

“एवढी थोराड मानसं अजून शाळंतच हायेत व्हय? मग मास्तर कोन?”

“तू,” मी म्हटलं.

“मग बराबर. म्हनावं, पयला धडा त्यो ओढा.”

त्यांनी जमिनीवर रांगोळीनं गावाचा नकाशा काढायला लावला. जिवनबाईनं ओढ्यावर एक आडवं लाकूड ठेवलं आणि हात झटकून बाजूला झाली. पाहुण्यांनी नकाशाचे सतरा फोटो घेतले. मग बौद्धवस्तीतली जनकाबाई आणि जिवनबाई यांना शेजारी बसवून विचारलं, तुम्ही दोघी एकत्र बसता का?

“बसतो की,” जनकाबाई म्हणाली. “पूल न्हाई तं जावं कुटं? हितंच बसावं लागतंय.”

हेही वहीत गेलं. ‘सलोख्याची बीजं’ या मथळ्याखाली. लाकडाचा उल्लेख नव्हता.

फाल्गुनात मंडळी पुन्हा आली. आणि नेमकी त्याच दिवशी जिवनबाईची बहीण आशाबाई कुरुंद्याकडच्या तांड्यावरून पायी आली, दोन वर्षांनी. आता तांड्यावरची रीत अशी, की लांबच्या भेटीला बाया एकमेकींच्या गळ्यात पडून सुरात रडतात. ख्यालीखुशाली त्या रडण्यातच सांगायची. कोण गेलं, कोण झालं, कुणाचं लग्न ठरलं. रडणं संपलं की डोळे पुसून चहा. त्या दोघींनी असा सूर लावला, की पाहुण्यांनी डोक्यावरच्या टोप्या काढल्या. गोऱ्या बाईच्या डोळ्यांना धार लागली. कॅमेरा खटाखट चालला.

“काय झालं यांच्यावर?” तिनं मला विचारलं.

“काही नाही. भेटल्या. आता चहा पितील.”

तिनं माझ्या हातावर थोपटलं. म्हणाली, दुःखाला रीतीचं नाव देणं वरच्या थरातल्यांना सोयीचं असतं. माझ्या देखत वहीत लिहिलंसुद्धा, ‘दुभाषी उच्चवर्णीय, संवेदना बेताची.’ उलटं अक्षर वाचायला मी शाळेतल्या पस्तीस वर्षांत शिकले आहे, परीक्षेच्या हॉलमध्ये. त्यानंतर मी शब्दाला शब्द ठेवला, वर एक अक्षर बोलले नाही. रुसले होते, सरळच सांगते.

जिवनबाईनं मात्र संधी हेरली. डोळे पुसले, ओढणी खोचली.

“बाई, त्यास्नी सांगा, रडू आलंय तं बरंच झालं. आता पूल द्या. जूनच्या आत. निता सहावीला जाऊन राहिली.”

मी सांगितलं. पाहुणे एकमेकांकडं बघून हळू बोलले. मग उत्तर आलं, बांधकाम आमच्या धोरणात बसत नाही. आम्ही माणसांच्या मनांमध्ये पूल बांधतो.

“मनामधी?” जिवनबाई म्हणाली. “तिथून पोरगी कशी जाईल?”

रविंद्र खो-खो हसला आणि मग घाबरून खोकला.

मे महिन्यात तांड्यावर आलं काय? ‘मन मोकळं करा केंद्र.’ एक सतरंजी, एक पाटी, दर मंगळवारी येणारी एक शिकाऊ पोरगी. तिनं बायांना रडायला सांगायचं. बाया पहिल्या मंगळवारी सतरंजी बघायला आल्या. दुसऱ्या मंगळवारी कुणी आलं नाही. जिवनबाईनं बांधावरूनच ओरडून सांगितलं, “पोरी, कोन भेटल्याबिगर कसं रडावं? तू आधी दोन वर्षं लांब जा, मंग ये!”

जून आला, ओढा भरला. निता दिवाळीपर्यंत बारा दिवस शाळेत गेली. पलीकडच्या शाळेनं गैरहजेरीखाली नाव काढलं. निता शेळ्यांमागं लागली. परदेशातल्या पाहुण्यांना शिकवून झालं होतं, तिला तेवढं शिकवायचं राहिलं. फरशी पुढं २००६ मध्ये झाली, निवडणुकीच्या तोंडावर. तोवर निताच्या हातात पुस्तक नव्हतं.

२००५ मध्ये जिवनबाई नवऱ्याबरोबर, प्रेमसिंगबरोबर, हळद घेऊन हिंगोलीच्या मोंढ्यात आली होती. रविंद्रनं आग्रहानं कार्यालयात नेलं, मीही होते. भिंतीवर मोठ्या चौकटीत ती आणि आशाबाई, गळ्यात गळा.

“खाली काय लिवलंय, बाई?”

“वंचितांचे अश्रू.”

ती इतकी हसली, की रविंद्रनं पाणी आणलं. “आवं, तवा आमची आशी सांगत व्हती, म्हैस व्याली, वगार झाली म्हून! वगारीसाठी टोप्या काढल्या का काय त्यांनी?”

मग हसू एकदम थांबलं. आशाबाई त्याच उन्हाळ्यात गेली होती. तिचा दुसरा फोटो कुणाकडंच नव्हता.

“बाई, तुमी हितंच ऱ्हाता. येवडा फोटो मला मागून द्या. खालचं लिवनं कापून टाका, नुसती आशी द्या.”

मी हो म्हटलं. तेव्हा रविंद्र शेजारीच उभा होता. तेव्हाच मागितला असता तर झालं असतं. पण मला त्या माणसांकडं काहीही मागायचं नव्हतं. वहीतली ती ओळ अजून सलत होती. पुढच्या आठवड्यात, म्हटलं. नंतर दिवाळीनंतर, म्हटलं. कार्यालय पहिल्या मजल्यावर, जिन्याला पंधरा पायऱ्या. मी खालूनच रिक्षा वळवायला लावायची. २००९ मध्ये त्यांनी ती जागा सोडली. सामान टेम्पोत चढताना मी समोरच्या फुटपाथवर भाजी घेत होते. चौकट कुठं ठेवताहेत ते दिसत होतं. मी मेथी निवडून घेतली आणि घरी आले.