मांडणीची एकेचाळीस भोकं

पद्मक्का गेल्याचा निपाणीहून त्यांच्या सुनेचा फोन आला, तेव्हा सकाळचे साडेसात वाजले होते आणि गॅसवर माझा चहा उतू चालला होता. फोन ठेवला, गॅस बंद केला आणि पहिलं काय केलं असेल तर हॉलमध्ये जाऊन वेताच्या मांडणीवर हात ठेवला. रडू नंतर आलं. आमचे हे दारात उभे राहून नुसते बघत होते. आज त्याला पाच आठवडे झाले. पद्मक्कांबद्दल काही लिहायचं तर त्या मांडणीचं खरं सांगितल्याशिवाय मला एक ओळही लिहिता येणार नाही, म्हणून सांगून टाकते.

बेळगावात अनगोळला आम्ही शेजारी शेजारी. त्या जैन, निपाणीकडच्या तंबाखूच्या व्यापाऱ्याच्या घरातल्या; यजमान गेल्यावर मुलाच्या नोकरीमुळं बेळगावला आलेल्या. घरात कानडी, माझ्याशी मराठी, आणि रागावल्या की दोन्ही सोडून गप्प. 'मी येतो, मी जातो' असंच बोलायच्या, आमच्या भागातल्या सगळ्या म्हाताऱ्यांसारखं. पाणी गाळून प्यायच्या, दिवस मावळायच्या आत जेवायच्या. आणि तोंडात एक कानडी शब्द कायमचा, 'इरली'. म्हणजे असू दे. दूध नासलं, इरली. नातवानं बरणी फोडली, इरली. मी उचगावच्या शेतकऱ्याची लेक, तोंडानं फटकळ, जे पाहिजे ते आजच्या आज पाहिजे. आमचं दोघींचं कसं जमलं देव जाणे.

मांडणीचं वेड माझं, लहानपणापासूनचं. माझी आई कॅम्पातल्या बंगल्यांवर भाजी घालायची आणि सुट्टीत मी तिच्या मागनं जायची. एका साहेबाच्या व्हरांड्यात वेताची चार खणांची मांडणी होती, उन्हात मधासारखी दिसायची. त्यावर पुस्तकं आणि फुलदाणी. आई पाट्या उतरवून हिशोब होईपर्यंत मी त्या मांडणीपुढं उभी. एकदा हात लावला तर बाईसाहेब आतनं ओरडल्या... बारा वर्षांपूर्वी आम्ही अनगोळला आमचं घर बांधलं, तेव्हा सगळे काचेची शोकेस करा म्हणत होते. मी म्हटलं, मला वेताची मांडणी पाहिजे, तीही जुनी, आणि ती आली नाही तर भिंत रिकामी राहिली तरी चालेल. वास्तुशांतीला आईला त्या मांडणीसमोर बसवायचं, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

जुनं वेताचं सामान बघायचं तर पद्मक्कांनीच, हे कॅम्पातल्या जुन्या सामानाच्या दुकानात रफीकभाईंनासुद्धा माहीत होतं. लाकडासाठी झाड जातं, वेत तोडला तरी बेटातनं परत फुटतो, म्हणून त्यांच्या घरात सगळं वेताचं. त्यांचं ते बघणं एकदा बघायला पाहिजे होतं तुम्ही. आधी हातच लावायच्या नाहीत. लांब उभ्या राहून चारी पाय जमिनीला टेकलेत का ते न्याहाळायच्या. मग वरचे दोन कोपरे धरून हलवायच्या. कुरकुरलं तर चालतंय, डुगडुगलं तर न्हाई, म्हणायच्या. सांध्याला खिळा ठोकलेला असला की मान हलवायच्या, कारण तिथं वेत आज ना उद्या चिरणार. वेताच्याच सालीनं घट्ट गुंडाळलेला सांधा दिसला की त्यावरून बोट फिरवायच्या. रंग दिलेली वस्तू तर दारातूनच परत, रंगाखाली काय झाकलंय कुणी बघितलंय? मग ओला तळवा विणीवरून फिरवायचा. वेत पाणी प्यायला तर त्याच्यात अजून दम आहे. हे सगळं झालं की पिशवीतून एक काळं कापड निघायचं, जुन्या छत्रीचं. ते मांडणीखाली अंथरायचं, मुठीनं तीनदा ठोकायचं आणि स्टुलावर बसून वाट बघायची. मला आधी वाटलं, म्हातारी त्या बिचाऱ्या दुकानदाराचा दिवस खातेय.

माझी मांडणी तिसऱ्या खेपेला सापडली. अगदी तीच, चार खणांची, मधाच्या रंगाची. सगळ्या परीक्षांत पास झाली. आणि शेवटी काळ्या कापडावर चिमूटभर पांढरं पीठ पडलं.

"ह्यात कुणीतरी राहतंय," पद्मक्का म्हणाल्या.

कीड लागलीय, भुंगा आहे, असं नाही. कुणीतरी राहतंय. रफीकभाई म्हणाले, रॉकेल सोडा, दोन दिवसांत साफ. पद्मक्कांनी त्यांच्याकडं बघितलंसुद्धा नाही. मला म्हणाल्या, मांडणी घे, पण माझ्या सोप्यात, पुढच्या पडवीत ठेव. मिरगाच्या आधी पंख फुटले की आपापले उडून जातील, मग तुझ्या घरी ने.

आणि माझी वास्तुशांत अक्षय्यतृतीयेला, तीन आठवड्यांवर! मी तणतणले. किड्यामुंग्यांसाठी माणसानं भिंत रिकामी ठेवायची का, असंही बोलले. त्या गप्प. पुढच्या आठवड्यात त्या लग्नाला म्हणून दोन दिवस निपाणीला गेल्या आणि कुंड्यांना पाणी घालायला किल्ली माझ्याकडं देऊन गेल्या. शेतकऱ्याची लेक मी, कीड दिसली की औषध मारायचं एवढंच शिकलेली. भावाकडून कोबीवर मारायचं औषध आणलं, मेडिकलमधून सुई आणली, आणि दुपारी त्यांच्या सोप्यात बसून एकेक भोक शोधून भरलं. वाईट वगैरे काही वाटलं नाही. उलट काम फत्ते केल्यासारखं वाटलं.

त्या आल्या. मांडणीजवळ जरा वेळ उभ्या राहिल्या. मग रोज सकाळी काळं कापड, तीन ठोके. आठ दिवस काही पडलं नाही. मी साळसूदपणे म्हटलं, लवकर गेले वाटतं हो आक्का. "इरली," त्या म्हणाल्या, "ने आता."

वास्तुशांतीला आई त्या मांडणीसमोर पाटावर बसली. बराच वेळ बघत होती. म्हणाली, ही तर त्या साहेबाच्या बंगल्यातल्यासारखी हाय गं. मग पदराला हात पुसून तिनं मांडणीला हात लावला. कुणी ओरडलं नाही. त्या दिवशी माझ्यासारखी सुखी बाई अख्ख्या बेळगावात नसेल.

नंतर पद्मक्कांनी एक चाळा सुरू केला. दोन-अडीच महिन्यांनी एखाद्या सकाळी यायच्या, वेताची काडी भिजवून आणलेली असायची. मांडणीचं एक भोक शोधायचं, काडी दाबून बसवायची, ब्लेडनं कापायची, अंगठ्यानं घासायची. फक्त एक भोक. मी चहा पुढं केला की म्हणायच्या, आज नको, घरी जाऊन पाणी घेतो. मी चेष्टा करायची, अहो, एका बैठकीत सगळी बुजवा की, हे काय एसटीच्या रांगेसारखं एकेक! "सावकाश गं," म्हणायच्या. आठ वर्षं हे चाललं. मग चार वर्षांपूर्वी धाकट्या मुलानं त्यांना निपाणीला नेलं.

गेल्या वर्षी त्यांची तब्येत बिघडली म्हणून भेटायला गेले. खाटेवर अगदी एवढ्याशा दिसत होत्या. सून आत गेली आणि माझ्या तोंडून निघूनच गेलं, "पद्मक्का, त्या मांडणीतले आपणहून गेले नव्हते. मी मारले."

"ठाऊक हाय की," त्या म्हणाल्या. "दारातच वास आलता."

त्यांनी शांतपणे सांगितलं, त्याच दिवशी त्यांनी भोकं मोजली होती. एकेचाळीस. एकेका भोकाला एक निरंकार उपवास त्यांनी धरला होता. अष्टमी-चतुर्दशीचे नेहमीचे वेगळेच. उपवास झाला की दुसऱ्या दिवशी सकाळी, पाणीही प्यायच्या आधी, माझ्याकडं येऊन ते भोक बुजवायच्या. आणि मी त्यांना चहाचा आग्रह करत होते...

"माझ्या पापासाठी तुम्ही कशाला उपाशी राहिलात?" मी रडतच विचारलं.

"तुझ्यासाठी न्हाई गं. करम ज्याचं त्यालाच. तुझी घाई मला दिसत हुती, तरी किल्ली तुझ्या हातात दिलो. माझ्या सोप्यात मेले ते. ते माझं."

मग मला बोलला का नाहीत, म्हटलं.

"बोललो असतो तर तू यायची बंद झाली असतीस."

असलं माणूस भिंतीला भिंत लावून आठ वर्षं राहिलं, आणि मी त्याच्याकडं वाटी-वाटी साखर मागत होते. देवळात जाऊन जे वाटत नाही ते मला त्या खाटेपाशी वाटलं. पुढं त्याच म्हणाल्या, अडतीस झाले, मग रक्तातल्या साखरेमुळं डॉक्टरनं उपवास बंद केले, तीन राहिले. मी म्हटलं, ते तीन मी करते. त्यावर त्या हसल्या, खोकला येईपर्यंत हसल्या. "तुला चहा सुटतोय व्हय?"

दिवसकार्याला निपाणीला गेले तेव्हा सुनेनं ते छत्रीचं काळं कापड माझ्या हातात ठेवलं. सासूबाईंनी शोभाला दे म्हणून सांगून ठेवलं होतं.

घरी येऊन मांडणीपुढं बसले आणि बोटानं मोजलं. अडतीस काड्या, हाताला कळतसुद्धा नाहीत अशा. तीन भोकं उघडी. दुसऱ्या दिवशी पहिला उपवास धरला. दुपारी चारला चहाविना डोकं फुटायची वेळ आली, यांच्यावर विनाकारण खेकसले, पण निभावलं. सकाळी पाणी न पिता काडी बसवली. वेडीवाकडी बसली, ब्लेडनं बोट कापलं. दुसरी जरा बरी जमली. धर्मात हे चालतं की नाही मला ठाऊक नाही, आणि विचारायला आता त्या नाहीत.

तिसरा उपवास परवा झाला. काल सकाळी काडी भिजवून मांडणीपुढं गेले, आणि भोक काही बुजवलं नाही. काडी तशीच परत आणली. हे म्हणाले, अगं, तिथनं परत भुंगा शिरेल.

शिरू दे म्हटलं. खाली काळं कापड अंथरलंय.